नागपूरच्या कॉलेजात ओपन सोर्सचा अड्डा कसा जमवायचा, आणि दुसऱ्या वर्षी कसा टिकवायचा

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की कोणी ना कोणी ज्युनियर मेसेज टाकते, "भैया, ओपन सोर्सचा क्लब काढायचा आहे, लोगो झाला, आता पुढे काय करू?" आपल्याकडे लोगो आधी होतो, बाकी सगळं नंतर. (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू, बदलू आणि वाटू शकतो असं सॉफ्टवेअर.) दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी नागपूरच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजचा, नाव नाही घेत कारण पुढे थोडी रड पण आहे. आमचा क्लब एकदा पूर्ण बुडाला, मग दुसऱ्यांदा उभा राहिला, त्यामुळे खाली जे सांगून राहिलो त्यातलं बरंचसं बुडाल्यावर सुचलेलं आहे.

पहिल्या वेळी आम्ही काय केलं तर सेमिनार हॉल बुक केला, बॅनर छापला, पाहुणे बोलावले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, १२० पोट्टे बसलेले, आणि भाषणातून सगळ्यांना एकच समजलं की ओपन सोर्स म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर. मग दुपारी हॅन्ड्स-ऑन. सगळ्यांना एकाच वायफायवरून गिटहबचं, म्हणजे जिथे लोक कोड ठेवतात आणि मिळून काम करतात त्या साइटचं, अकाउंट उघडायला सांगितलं, अर्ध्यांचं तिथेच अडकलं. ज्यांचं उघडलं त्यांनी पुश मारला, म्हणजे आपला कोड तिकडे चढवायला गेले, तर पासवर्ड चालेना, कारण ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाइनवर अकाउंटचा पासवर्ड घेतच नाही, टोकन नाहीतर एसएसएच की लागते, आणि हे स्टेजवरच्या आम्हा चौघांपैकी एकालाच माहीत होतं. तो एसएसएच लावायला गेला तर ते ज्या वाटेने जाते तो पोर्ट २२ कॉलेजच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवरच्या पहारेकऱ्याने, बंद ठेवलेला. पाच वाजता बस सुटते म्हणून सगळे उठले, सर्टिफिकेट घेतलं आणि गेले. पुढच्या शनिवारी सात जण आले, त्यातल्या दोघांना फक्त सर्टिफिकेटवरचं नाव दुरुस्त करून पाहिजे होतं.

तर पहिली गोष्ट, उद्घाटन करूच नका. खरंच सांगतो. पाच जण शोधा ज्यांना कॉम्प्युटर उघडून आत काय आहे हे बघायची खाज आहे, आणि दर आठवड्याला एकाच दिवशी एकाच जागी बसा. पाहुणे नको, बॅनर नको, सर्टिफिकेट तर अजिबातच नको, सर्टिफिकेटवाली गर्दी सर्टिफिकेटसोबतच घरी जाते. कार्यक्रम पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी एखादा करा, तोही दाखवायला स्वतःचं काही असेल तर.

दिवस आणि वेळ हा विषय फालतू वाटतो पण अर्धे क्लब इथेच मरतात. आम्ही आधी संध्याकाळी सात ते नऊ बसायचो, हॅकर असल्यासारखं वाटायचं, आणि मग एकमेकांना विचारायचो की पोट्ट्या काऊन येत नाहीत. अरे बाबा, गर्ल्स होस्टेलचं गेट बंद होते, आणि कामठी, काटोल, उमरेडवरून अपडाऊन करणाऱ्यांची गाडी निघून जाते, ते कसे येतील? शनिवारी सकाळी दहा ते साडेबारा केलं आणि एका महिन्यात चेहरे बदलले. दोन-तीन कॉलेजं मिळून बसणार असाल तर सीताबर्डीच्या आसपास जागा बघा, मेट्रोच्या दोन्ही लाईन तिथेच मिळतात, हिंगण्याकडचा पोट्टा लोकमान्य नगरवरून सरळ येतो. आणि सकाळची वेळ असली की आधी तर्री पोहे आपोआप होतात, ते क्लबच्या बजेटमधे एकमेव परवानगी असलेलं खर्चाचं हेड समजा.

आता परवानगी. एचओडीकडे "आम्हाला स्वातंत्र्य पाहिजे, प्रोप्रायटरी (कंपनीच्या मालकीचं, बंद कोडचं) सॉफ्टवेअर वाईट" असं घेऊन गेलात तर ते चष्म्यावरून बघतील आणि अटेंडन्स विचारतील. त्यांच्या कामाचं बोला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि लॅबमधल्या जुन्या मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे एकतर मशीन बदला नाहीतर लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम टाका. हा मुद्दा ऐकला की सर खुर्चीत पुढे सरकतात. दुसरा मुद्दा, केंद्र सरकारचं २०१५ चं धोरणच आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्या. तिसरा, आयआयटी बॉम्बेचा फॉसी प्रकल्प (कॉलेजांत ओपन सोर्स पसरवणारा) आणि तिथलेच स्पोकन ट्यूटोरियल, केंद्राच्या पैशावर उभे राहिले, लिनक्सपासून सायलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरपर्यंतचे धडे आहेत आणि गंज (म्हणजे भरपूर) धडे मराठीतही आहेत. केरळच्या सरकारी शाळा तर कधीच्याच लिनक्सवर चालून राहिल्या, तेही सांगा. आणि सगळ्यात शेवटी हळूच म्हणा की सर, दर शनिवारी हजेरीचा कागद आणि दोन फोटो तुम्हाला मिळतील. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फाईलला हे लागते हे त्यांना माहीत आहे आणि आता तुम्हालाही.

पण खरा माणूस एचओडी नाही, लॅब असिस्टंट आहे. बायोसचा (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगचा) पासवर्ड त्यांच्याकडे, प्रॉक्सीचं (कॉलेजचं नेट ज्यातून जाते त्याचं) सेटिंग त्यांच्याकडे, युपीएस कधी बसते हे पण त्यांनाच माहीत. आमच्या लॅबवाल्या काकांना पहिल्या वर्षी आम्ही विचारलंच नाही, डायरेक्ट वरून सही आणली, आणि मग वर्षभर "आज लॅबमधे मेंटेनन्स आहे". दुसऱ्या वेळी आधी त्यांच्याकडे गेलो, चहा घेतला, "काका, या चार मशीन खूप स्लो आहेत, आम्ही काही करून बघू का" म्हटलं. चार जीबी रॅमवर मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्यातलंही हलकं एक्सएफसीईवालं, टाकून दिलं, मशीन उठून पळायला लागल्या, नंतर काकाच दुसऱ्या लॅबवाल्याला दाखवायला घेऊन गेले. यापेक्षा मोठा प्रचार मी आजपर्यंत पाहिला नाही. दुसरा लपलेला माणूस म्हणजे लायब्रेरियन. भारतातल्या कितीतरी कॉलेजांच्या लायब्ररी कोहा या सॉफ्टवेअरवर चालतात, ते न्यूझीलंडमधे बनलेलं ओपन सोर्स आहे, आणि पोट्ट्यांना याचा पत्ताच नसतो. तुमच्याकडे कोहा असेल तर लायब्रेरियन मॅडम तुमच्यापेक्षा जुन्या ओपन सोर्सवाल्या आहेत, त्यांना जाऊन भेटा.

लॅबच्या मशीनवर हात टाकायच्या आधी एक कबुली. माझ्या हातून एका मित्राचा डी ड्राइव्ह उडालेला आहे, पार्टिशन करताना घाईत चुकीचं निवडलं, त्यात त्याचा मिनी प्रोजेक्ट आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो. प्रोजेक्ट पुन्हा लिहून दिला, फोटोचं आजपर्यंत ऐकतो. म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय कोणाचाही लॅपटॉप हातात घेऊ नका, आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून दाखवा, पटलं तर मग इन्स्टॉल. व्हेंटॉय नावाचं टूल आहे, एका पेनड्राइव्हवर चार-पाच आयएसओ (इन्स्टॉलच्या फाईल) राहतात, त्या कॉपी करून ठेवा. आयएसओ घरून डाउनलोड करून आणा, उबंटूचं (हेही लिनक्सच) सहा जीबीच्या जवळ जाते आणि मिंटचं तीनच्या, कॉलेजच्या नेटवर ते उतरवायला बसलात तर दिवाळी येईल. आणि प्रॅक्टिकलच्या किंवा ऑनलाइन परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत लॅबमधे काही म्हणजे काहीच बदलू नका.

बैठकीत करायचं काय?

पहिल्या शनिवारी नुसत्या गप्पा आणि होमवर्क, म्हणजे घरून, आपल्या मोबाइलच्या नेटवरून, गिटहबचं अकाउंट उघडायचं, टू-फॅक्टर लावायचं, आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवायचे. फोन हरवला की मग रडत येतात. फायरवॉलने पोर्ट २२ अडवला असेल तर गिटहबचं एसएसएच ४४३ वरूनही चालते, होस्टनेममधे एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम टाकायचं, कॉन्फिग फाईलमधे तीन-चार ओळी. हा उपाय आम्हाला एक वर्ष उशिरा समजला. पण आधी सरांना विचारून घ्या, फायरवॉल चुकवून राहिले असं नको वाटायला.

दुसऱ्या शनिवारी गिट, म्हणजे फाईलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल, तेही इंटरनेटशिवाय. गिट शिकायला गिटहब लागत नाही, हे ऐकून अर्धी पब्लिक दचकते. आम्ही एक फाईल बनवतो, नागपुरातल्या पोहेवाल्यांची यादी, प्रत्येकाने एकेक ओळ टाकायची आणि कमिट करायचं, म्हणजे बदल नोंदवायचा. मग मुद्दाम दोघांना वेगवेगळ्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फांदीवर) एकच ओळ बदलायला लावायची, एक लिहिते "तर्री वरून", दुसरा लिहिते "तर्री वेगळ्या वाटीत", आणि मर्ज मारायचं, म्हणजे दोन्ही एकत्र करायचं. कॉन्फ्लिक्ट येतो, स्क्रीनवर ते उलटेसुलटे बाण दिसतात, पोट्टे घाबरतात, मग दोघांना भांडून ठरवावं लागते की कोणती ओळ ठेवायची. मर्ज कॉन्फ्लिक्ट याच्यापेक्षा चांगला मला अजून कोणी समजावून सांगितला नाही.

एक नियम इथेच लावा, कीबोर्ड ज्याचा त्याच्या हातात. शेजारचा हुशार पोट्टा "थांब मी करून देतो" म्हणून लॅपटॉप ओढून घेतो आणि ज्याचा लॅपटॉप आहे तो बघत बसतो. पोट्ट्यांच्या बाबतीत होते, पोट्ट्यांपेक्षा मुलींच्या बाबतीत जास्त होते. सांगायचं तोंडाने, हात मागे.

तिसऱ्या शनिवारपासून खरं काम. माझं मत असं की पहिलं योगदान कोडचं नसावं, नकाशाचं असावं. ओपनस्ट्रीटमॅपवर जा, हा लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा आहे, त्यात आपला कॅम्पस बघा. मेन बिल्डिंग असेल कदाचित, पण मागचं गेट नाही, झेरॉक्सवाला नाही, पाण्याची टाकी नाही, व्हीलचेअरचा रॅम्प कुठे आहे ते तर नाहीच. ब्राउझरमधे त्याचा आयडी नावाचा एडिटर उघडतो, अँड्रॉइड मोबाइलवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अॅप आहे, तेच विचारत जाते की या रस्त्याला फुटपाथ आहे का, हे दुकान अजून चालू आहे का. ग्रुप करून फिरायचं, दोन तासांत कॅम्पस होतो, आणि थोड्याच वेळात आपण टाकलेली बिल्डिंग जगाच्या नकाशावर दिसते. फर्स्ट इयरच्या पोट्ट्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सिव्हिलवाले यात आपल्यापेक्षा भारी निघतात. मराठी नावं पण टाका, त्याचा वेगळा टॅग आहे. फक्त एक, गूगल मॅप्स उघडून त्यातून नावं उतरवायची नाहीत, लायसन्समधे बसत नाही आणि पकडलं की सगळं उडवून टाकतात. पायाने फिरा, डोळ्याने बघा, मग टाका.

मग मराठी. हे आपल्या हातचं काम आहे, बंगळुरूवाला करून देणार नाही. फायरफॉक्सचं भाषांतर पॉन्टून या साइटवर होते, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर, दोन्हीकडे ब्राउझरमधेच काम, इन्स्टॉल काही नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमधे मराठी आहे, तिथे वाक्यं वाचून आवाज द्यायचा, तो डेटा कोणीही वापरू शकतो. नुसत्या पुण्याच्या आवाजावर मशीन शिकल्या तर आपण बोललेलं त्यांना कधी समजायचं, म्हणून होस्टेलच्या एका रात्रीत वीस जणांनी गोंदिया, गडचिरोली, यवतमाळच्या लहेजात वाचून टाका. आणि फॉन्टचा एक बारका मुद्दा, मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा दिसतो, नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमधे दोन्ही आकार असतात, पण पानाच्या एचटीएमएलमधे भाषा मराठी आहे असं लिहिलेलं नसलं की हिंदीवालेच येतात. एखादी मराठी साइट ओपन सोर्स असेल तर तो एक अॅट्रिब्यूट टाकणं हे एका ओळीचं काम आहे, आणि तरीही कामाचं आहे. तसंच "दऱ्या" मधला ऱ्या नीट उमटतो का ते तपासा, कितीतरी ठिकाणी तुटलेला दिसतो. असे बग आपल्याशिवाय कोणाच्या नजरेलाच पडत नाहीत.

कोडकडे यायला दीड-दोन महिने लागू द्या. इथे मी जरा कडक आहे. गुड फर्स्ट इश्यूचं, म्हणजे नवख्यांसाठीच्या सोप्या कामाचं, लेबल बघून खाली "प्लीज असाइन मी" लिहायचं नाही, तिथे आधीच तीस जणांनी तेच लिहिलेलं असते. प्रोजेक्ट आधी आपल्या मशीनवर चालवा. चालवताना डॉक्युमेंटेशनमधे जिथे अडखळलात तेच तुमचं पहिलं योगदान, कारण जुन्या लोकांना ती चूक दिसतच नाही. नंतर बग स्वतः घडवून बघा, कोणत्या व्हर्जनवर काय केल्यावर झालं ते लिहा, मग दुरुस्तीचं बोला.

२०२० च्या हॅक्टोबरफेस्टमधे, म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला योगदान द्यायच्या ऑनलाइन कार्यक्रमात, काय झालं माहीत नसेल तर ज्युनियर्सना सांगाच. टी-शर्ट मिळते म्हणून लोकांनी रीडमीमधे एक-एक शब्द बदलून पुल रिक्वेस्टचा ("माझा बदल घ्या" अशा विनंत्यांचा) पूर आणला, मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, वैतागले, शेवटी आयोजकांना कार्यक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचा त्यानेच सांगायचं. त्यात आपल्याकडचे कमी नव्हते. आता तेच एआयने होऊन राहिलं, कर्ल या टूलच्या डॅनियल स्टेनबर्गने एआयने लिहिलेल्या खोट्या बग रिपोर्टबद्दल जाहीरपणे डोकं धरलेलं आहे. आमच्या क्लबात म्हणून दोन नियम आहेत. पहिली पुल रिक्वेस्ट पाठवायच्या आधी क्लबातल्या एकाने वाचायची, आणि जे तुम्ही आमच्यासमोर बोलून समजावू शकत नाही ते पाठवायचं नाही. तिकडे बसलेला मेंटेनर बहुतेक वेळा नोकरी करून आलेला, जेवण झाल्यावर अर्धा तास काढून बघणारा माणूस असतो, त्याचा वेळ म्हणजे आपल्या बापाचा माल नाही.

समर ऑफ कोडचं, म्हणजे ओपन सोर्समधे काम करायच्या गूगलच्या प्रोग्रामचं, सगळे विचारतात. ते २००५ पासून चालू आहे, स्टायपेंड मिळतो, रेझ्युमेवर चमकते, सगळं खरं. २०२२ पासून विद्यार्थी असण्याचीही अट नाही, १८ पूर्ण पाहिजे आणि विद्यार्थी नसाल तर ओपन सोर्समधे नवखे पाहिजे. पण मार्च महिन्यात जागे होऊन प्रपोजल लिहिणाऱ्यांचं काही होत नाही, ज्यांचं होते ते दिवाळीपासूनच त्या प्रोजेक्टमधे छोटं-मोठं काम करून राहिलेले असतात. मुलींना आउटरीची या पैसे मिळणाऱ्या ओपन सोर्स इंटर्नशिपबद्दल वेगळं सांगा, वर्षातून दोनदा असते. पण क्लब या नावावर विकू नका. ज्याचं सिलेक्शन होत नाही तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

क्लब फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा करू नका, हे पण तिथेच सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सर्किटचं काइकॅड, सिव्हिलवाल्यांना नकाशांचं क्यूजीआयएस, मेकॅनिकलवाल्यांना डिझाइनचं फ्रीकॅड, स्टॅटवाल्यांना आकडेवारीचं आर दाखवा. यातले बरेच जण पायरेटेड सॉफ्टवेअरचा क्रॅक शोधून व्हायरस घेऊन येतात, त्यांना विचारसरणी नको, चालणारं टूल पाहिजे. आर ऑकलंडच्या विद्यापीठातून आलं, पोस्टग्रेस हा डेटाबेस बर्कलेतून, लिनक्स १९९१ मधे हेलसिंकीच्या एका २१ वर्षाच्या पोट्ट्याने सुरू केलं, डेबियन नावाचं लिनक्स १९९३ मधे पर्ड्यूच्या विद्यार्थ्याने. एखादे सर म्हणाले ना की हे कॉलेजचं काम नाही, तर ही यादी वाचून दाखवा.

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा एक वेगळाच खजिना आहे. बाइंडिंग केलेले रिपोर्ट कपाटात, कोड कोणाच्या तरी सीडीवर, आणि पुढच्या वर्षी तोच अटेंडन्स सिस्टिम पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या पार्टनरची आणि गाइडची हो घेऊन कोड पब्लिक करा, पण लायसन्सची फाईल टाका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क आपोआप लिहिणाऱ्याकडे जातात, त्यामुळे लायसन्स नसलं तर कोड सगळ्यांना दिसतो पण वापरायची परवानगी कोणालाच नसते. कोणीही काहीही करा म्हणायचं असेल तर एमआयटी, सुधारून पुढे वाटणाऱ्याने पण कोड खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. कंपनीने स्पॉन्सर केलेला प्रोजेक्ट असेल तर हात लावू नका, आधी कागद वाचा.

बोलायची भाषा मराठी-हिंदी जशी येते तशी. देसाईगंजचा एक पोट्टा दोन महिने तोंड उघडत नव्हता, आम्हाला वाटलं काही समजत नाही, एक दिवस मराठीत बोलणं चाललं होतं तर त्यानेच येऊन प्रॉक्सीचा प्रॉब्लेम सोडवला. कमिट मेसेज मोडक्या इंग्रजीत चालते, समजल्याशी मतलब.

आता बुडालो कसे ते. गिटहबवरच्या ऑर्गनायझेशनचा मालक एकच, तो पण कॉलेजच्या ईमेलवरून. तो पास होऊन पुण्याला गेला, कॉलेजने ईमेल बंद केला, खेळ खल्लास. व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन पण तोच. म्हणून कमीत कमी तीन मालक ठेवा, त्यातला एक सेकंड इयरचा, एक फॅकल्टी, आणि सगळ्यांचे खाजगी ईमेल. आणि हँडओव्हर जूनमधे नाही, जानेवारीत करा. ऑगस्ट उजाडला की फायनल इयरवाले प्लेसमेंटमधे गायब, दिसले तरी टाय लावून. इव्हन सेमिस्टर सेकंड इयरवाल्यांनी चालवायचं, सिनियर मागच्या बाकावर, चुकले तरी उठायचं नाही. मला हे सगळ्यात जड गेलं. मे महिन्यात कोणाला बोलावू नका, ४५ डिग्रीत कूलरसमोरून कोणी हलत नाही आणि पेपर पण असतात.

बाहेरची मदत लागली तर फॉस युनायटेड ही ओपन सोर्सवाल्यांची संस्था आहे, ते देशभर कॉलेजांमधल्या क्लबांना हात देतात. पण आधी सात-आठ शनिवार स्वतः बसा, मग त्यांना लिहा.

हँडओव्हरची एक फाईल बनवा, रेपोमधेच, म्हणजे क्लबचा कोड जिथे ठेवता तिथेच. कोणते पासवर्ड कोणाकडे (पासवर्ड नाही, नाव), सरांना दिलेला अर्ज, प्रॉक्सीचं सेटिंग, कोणती मशीन कशी चालते, काकांचा चहा बिनसाखरेचा. आणि शनिवारी लॅबची चावी कोणाकडे असते ते. आमच्या फाईलमधे सगळं होतं, तेवढं एक नव्हतं, आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी अकरा जण पोहे खाऊन व्हरांड्यात बसलो, तिथेच लॅपटॉप उघडून.